यंत्राचा नाद

मराठी भाषेत 'नाद' ह्या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते एकमेकांशेजारी इतक्या सलोख्याने नांदतात की बोलणाराला त्यांतील भेद बहुधा जाणवतही नाही. घंटेचा नाद म्हणजे ध्वनी; पत्त्यांचा नाद म्हणजे व्यसन. पहिला कानाला लागतो, दुसरा मनाला लागतो. मोटारसायकलीच्या बाबतीत मात्र हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले दिसतात. आपल्या वडीलधाऱ्या पिढ्यांनी ह्या वाहनाचे नाव ठेवताना त्याच्या चाकांकडे पाहिले नाही, वेगाकडे पाहिले नाही. धुराच्या नळीतून येणारा आवाज ऐकला आणि त्यास 'फटफटी' म्हटले. म्हणजे ह्या यंत्राची पहिली ओळख आमच्या समाजास डोळ्यांनी नव्हे, कानांनी झाली. तेव्हा ज्यास हे यंत्र प्रिय झाले त्यास त्याचा आवाजही प्रिय व्हावा, आणि तो आवाज वाढविण्याचा त्यास नाद लागावा, ह्यात नवल नाही. नवल नाही म्हणून ते योग्य आहे, असे मात्र होत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही ह्याच प्रश्नाचा विचार करणार आहोत: कारखान्याने बसविलेला सायलेन्सर काढून त्याच्या जागी बाजारातून घेतलेली मोठ्या आवाजाची नळी बसविणे कितपत श्रेयस्कर आहे?

हा प्रश्न तत्त्वचिंतनास अयोग्य आहे असे कोणी म्हणेल. ज्या खानदेशात 1916 साली श्रीमंत प्रताप शेटजींच्या आश्रयाने अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथे जीव, जगत् आणि ब्रह्म सोडून धुराच्या नळीची मीमांसा करावी, हे हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. परंतु नीतीचे प्रश्न पुष्कळदा ह्याच आडवाटेने घरात शिरतात. आपली हौस कोठे संपते आणि दुसऱ्याचे दुःख कोठे सुरू होते, हा प्रश्न ग्रंथात वाचताना सोपा वाटतो; आपल्याच घरचा चिरंजीव स्वतःच्या कमाईने घेतलेली गाडी अंगणात उभी करून "माझी गाडी, माझा पैसा, माझी हौस" असे म्हणतो, तेव्हा त्याचे उत्तर देताना भलेभले अडखळतात.

स्पोर्ट्स कार म्हणजे शर्यतीच्या धाटणीची मोटार. ती पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर अधूनमधून दिसते; जळगाव-धुळ्याकडे तिचे दर्शन दुर्मिळ. इकडे तिची जागा बुलेटने घेतली आहे. धुळे हे मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर ह्या दोन महामार्गांच्या फुलीवरचे गाव. जळगाव तर ह्यांपैकी दुसऱ्या मार्गाच्या दोन्ही अंगांना वाढलेले शहर. महामार्गाचा घोष ह्या दोन्ही शहरांस परका नाही. पण महामार्गावरून आत वळून धुळ्याच्या क्रमांक दिलेल्या गल्ल्यांत किंवा जळगावच्या पेठांत जेव्हा एखादी 'पंजाब' किंवा 'इंदोरी' नळी लावलेली बुलेट रात्री अकराच्या सुमारास शिरते, तेव्हा तिचा आवाज घोषात मिसळून जात नाही. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटत खिडकीखिडकीतून आत येतो. पंचवीस लाखांची मोटार असो की दोन-अडीच लाखांची बुलेट असो, प्रश्न एकच आहे. म्हणून आम्ही दोहोंचा विचार एकत्रच करतो.

प्रथम उपयुक्ततेचा पक्ष पाहू. कारण नळी विकणारा दुकानदार शक्तिवर्धनाचेच नाव पुढे करतो. एंजिनातील जळलेला वायू जेव्हा झडपेतून बाहेर पडतो, तेव्हा तो दाबाची एक लाट घेऊन निघतो. ही लाट नळीच्या उघड्या टोकाशी पोहोचली म्हणजे उलटी होऊन, कमी दाबाच्या रूपाने, परत फिरते. नळीची लांबी व रुंदी अशी साधली असेल, की ही परतणारी लाट नेमक्या क्षणी झडपेशी पोहोचावी, तर ती उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या मिश्रणास आत येण्यास मदत करते. शर्यतीच्या गाड्यांच्या नळ्या ह्याच हिशेबाने केलेल्या असतात. परंतु हा हिशेब फेऱ्यांच्या ठरावीक टप्प्यातच जुळतो. नळी नुसती रुंद केली आणि तिच्या आतली जाळी काढली, तर आवाज नक्की वाढतो, शक्ती वाढेलच असे नाही. उलट कमी फेऱ्यांत गाडीची ओढ मंदावण्याचाही संभव असतो. त्यातून 1 एप्रिल 2020 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना भारत स्टेज 6 ची मानके लागू झाली. ह्या गाड्यांत धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण ठरविणारी संगणकीय यंत्रणा असते, आणि विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धुराच्या वाटेवरच बसविलेला असतो. ही सारी साखळी एकमेकींशी जुळवून बांधलेली असते. तिचा एक दुवा बदलावा आणि बाकीच्यांनी गुण्यागोविंदाने चालावे, अशी अपेक्षा फोल आहे. आणि कन्व्हर्टरच काढून टाकला, तर आवाजाबरोबर कार्बन मोनॉक्साइडसारखे विषही जसेच्या तसे रस्त्यावर येते.

तथापि उत्तम कारागिरीच्या नळीने काहीच लाभ होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. टायटॅनियम हा धातू पोलादाच्या मानाने सुमारे निम्म्या वजनाचा. त्याची नळी बसविली म्हणजे गाडी हलकी होते. टर्बो बसविलेल्या एंजिनास मोकळी नळी आणि संगणकाची नवी जुळणी ह्यांचा लाभ साध्या एंजिनापेक्षा अधिक होतो. पण लाभाचे माप काय? समजा शक्ती शेकडा 5 ने वाढली. वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ह्या गणिताने ताशी 160 किलोमीटर धावणारी गाडी फार तर 162 किंवा 163 वर जाईल. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर मोटारीस ताशी 100 आणि मोटारसायकलीस 80 ही कमाल मर्यादा घातली आहे. मग ते वरचे दोन-तीन किलोमीटर जळगावहून पाळधीकडे जाताना कोणाच्या उपयोगी पडणार? शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर क्षणाच्या शंभराव्या भागालाही किंमत असते, तेथे हा खर्च शहाणपणाचा ठरेल. रस्त्यावर तो शक्तीसाठी केला असे म्हणणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय.

तेव्हा शक्तीचा पक्ष बाजूला सारून आवाजाचा पक्ष त्याच्या खऱ्या नावाने पुढे येऊ द्यावा. तो तुच्छ आहे असे आम्हांस वाटत नाही. बुलेटचे एंजिन एकाच सिलिंडरचे, चार धावांचे. ते उभ्या जागी मिनिटास सुमारे 1000 फेऱ्या घेत असेल, तर दोन फेऱ्यांस एक ह्या हिशेबाने 500 स्फोट होतात. म्हणजे सेकंदास सुमारे आठ. इतके ठोके मनुष्याचा कान वेगवेगळे ऐकू शकतो, म्हणून त्यास त्यात लय भासते. उलट आठ सिलिंडरांची स्पोर्ट्स कार मिनिटास 6000 फेऱ्या घेऊ लागली, की सेकंदास 400 स्फोट होतात. ते सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा मिळून एक स्वर होतो आणि फेऱ्यांबरोबर तो चढत जातो. एकीपाशी लय आहे, दुसरीपाशी स्वर आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी राहून तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला, त्यात नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले आहेत. आघाताने उत्पन्न होणारा तो आहत. एंजिनाचा नाद हा आहताहूनही आहत! पण लय आणि स्वर ही संगीताची दोन्ही अंगे ज्यात सापडतात, त्यावर एखाद्याचे मन जडले तर त्यास अरसिक कोण म्हणेल? अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने 1994 साली आपल्या एंजिनाचा आवाज हीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यासाठी अर्ज केला होता, आणि सहा वर्षांच्या वादानंतर 2000 साली तो मागे घेतला. ज्या आवाजावर मालकी सांगावीशी वाटते, त्यात काही सौंदर्य असले पाहिजे.

परंतु हार्लेसही जे जमले नाही ते आमच्या चर्चेचे मर्म आहे. आवाज कोणाच्या मालकीचा करता येत नाही, कारण तो कोणाच्या हद्दीत राहत नाही. चित्र आवडले नाही तर मान वळविता येते. डोळ्यास पापणी आहे, कानास पापणी नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. म्हणजे एका मीटरवर 100 डेसिबल असलेला आवाज शंभर मीटरवर 60 च्या आसपास येतो. गल्लीत, भिंतींच्या प्रतिध्वनीमुळे, इतकाही उतरत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. 45 आणि 60 ह्यांतील अंतर आकड्यांत पंधराचे दिसते, पण डेसिबलचे माप गुणोत्तराचे असल्यामुळे ध्वनीच्या ऊर्जेत ते तीसपटीहून अधिक भरते. शंभर मीटरांच्या त्या वर्तुळात किती घरे येतात, त्यांत किती रुग्ण, किती तान्ही मुले, किती परीक्षार्थी, रात्रपाळीस जाण्यापूर्वी डोळा लागलेल्या किती परिचारिका असतात, ह्याचा हिशेब स्वारास ठाऊक नसतो. त्याचा आनंद पाच-दहा सेकंदांत पुढच्या चौकात पोहोचलेला असतो. मोडलेली झोप मात्र मागेच राहते.

जर्मन तत्त्ववेत्ता शोपेनहौअर ह्याने 1851 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत गोंगाटावर एक लहानसा पण जळजळीत निबंध लिहिला आहे. त्याचा सारा रोख गाडीवानांच्या चाबकाच्या फटकाऱ्यावर आहे. हातोड्याचा आवाज, कुत्र्याचे भुंकणे तो एक वेळ सोसेल. पण चाबूक नुसता हवेत वाजविणे त्यास असह्य होते, कारण त्याचा काहीच उपयोग नाही. घोडे त्या आवाजास इतके सरावलेले असतात की ते पाऊलही उचलत नाहीत. तुटतो तो केवळ विचार करणाऱ्याचा विचार. ह्या निबंधात विद्वानाचा अहंकार पुष्कळ आहे. विचारवंतांची शांतता तेवढी मोलाची आणि दमून आलेल्या मजुराची नाही, हे आम्हांस मान्य नाही. पण त्याने केलेला एक भेद लाखमोलाचा आहे: कामाबरोबर येणारा आवाज निराळा आणि आवाजासाठीच केलेला आवाज निराळा. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांची गाणी जात्याच्या घरघरीबरोबर जन्मास आली. त्या घरघरीची तक्रार कोणी केली नाही, कारण तिच्या शेवटी पीठ होते. चालत्या बुलेटचे बटन क्षणभर बंद करून पुन्हा चालू करावे, म्हणजे न जळलेले इंधन तापलेल्या नळीत पेटून 'फटाका' फुटतो. त्याच्या शेवटी काय असते?

येथे कोणी पोळ्याच्या बैलांची आठवण देईल. आमच्या शेतकऱ्याने बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा बांधल्या त्याही हौसेनेच. दमणी वाजत-गाजत गावात यावी असे त्यालाही वाटे. आवाजाने मिरविणे ही काही यंत्रयुगाची विकृती नव्हे. हे खरे आहे. परंतु जुन्या सर्व आवाजांस निसर्गाने एक लगाम घातला होता, तो असा की आवाज करणारा दमत असे. घुंगुर बैलाच्या चालीएवढेच वाजत; ढोल वाजविणाऱ्याचे खांदे भरून येत; ओरडणाऱ्याचा गळा बसे. आवाजाची किंमत आवाज करणाराच मोजीत होता. यंत्राने हा व्यवहार मोडला. आता मनगट किंचित पिळले की पुरे. करणारा ताजातवाना राहतो आणि दमतो तो ऐकणारा. शरीराने जो संयम आपोआप पाळला जात होता तो ह्यापुढे मनाने पाळावयास पाहिजे. आमच्या मते ह्या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. कारण यंत्राने दिलेल्या प्रत्येक शक्तीच्या बाबतीत हेच घडते. सायलेन्सर हे त्याचे एक लहानसे उदाहरण.

मग ह्या हौसेची परीक्षा कशी करावी? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. लळिंगच्या पलीकडे एखादा निर्मनुष्य माळ आहे असे समजा; तेथे ना बाजार, ना कॉलेजचा कट्टा, ना ओळखीचा मनुष्य. तेथेही त्या आवाजात तुम्हांस तितकीच गोडी वाटेल काय? वाटत असेल, तर तुमचे प्रेम यंत्रावर आहे, आणि त्याची निंदा करणारे आम्ही कोण? वाटत नसेल, तर तुम्हांस आवाज नको आहे, श्रोते पाहिजे आहेत. आणि तेही स्वखुशीने आलेले नव्हेत, ज्यांना कान मिटता येत नाहीत असे. दुसऱ्याच्या मनावर त्याच्या इच्छेविरुद्ध क्षणभर सत्ता गाजविण्याचे हे सुख आहे. ही कसोटी आता केवळ कल्पनेतली राहिलेली नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने 2011 च्या एम5 मोटारीत एंजिनाचा आवाज ध्वनिवर्धकांतून फक्त आत बसणाऱ्यांना ऐकविण्याची सोय केली. पुष्कळ रसिकांनी तिला 'खोटी' म्हणून नाक मुरडले, आणि त्यांत काही तथ्यही आहे. पण स्वराचा आनंद शेजाऱ्यास न छळता घेता येतो एवढे त्यावरून सिद्ध झाले. तरीही जो बाहेरच्या नळीचाच हट्ट धरतो, त्याने आपल्या हट्टाचे कारण एकदा स्वतःशी तपासून पाहावे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लग्नाच्या वरातीतला डीजे, पुढाऱ्यांच्या मिरवणुका, दिवाळीचे फटाके, धर्मस्थळांवरचे भोंगे हे सर्व बुलेटपेक्षा कितीतरी मोठे. त्यांना सोडून एका पोरावर का घसरावे? महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोड रोलर फिरविला आहे. भोंग्यांच्या भिंतीवरून असा रोलर फिरताना क्वचितच दिसतो. ह्या आक्षेपातील कडवटपणा आम्हांस रास्त वाटतो. ज्याच्या पाठीशी मंडळ नाही, पक्ष नाही, त्याचा आवाज आधी दाबला जातो. पण ह्यावरून भोंगाही दोषी ठरतो, एवढेच निघते. सायलेन्सर निर्दोष ठरत नाही. आणि सिग्नल हिरवा होताच हॉर्नवर हात दाबून धरणारे आपण मध्यमवर्गीय गृहस्थही ह्या आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर नाही.

दुसरा आक्षेप श्रीमंतीचा. महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये कारखान्यातूनच अशी झडप येते, की बटन दाबताच नळी मोकळी होऊन गाडी गर्जू लागते. ती परीक्षा उत्तीर्ण झालेली म्हणून कायदेशीर. आणि गॅरेजातून जाळी काढून आणणारा पोरगा तेवढा गुन्हेगार! मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारास मालकास पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, आणि ध्वनीची मानके मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. कायदा विषम पडतो, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. पण कायदेशीरपणा आणि योग्यता ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. निजलेल्या गल्लीत झडप उघडणारा श्रीमंत कायद्याच्या आत असेल. आमच्या कसोटीत तो बुलेटवाल्याच्या पंक्तीसच बसतो, किंबहुना अधिक दोषी ठरतो, कारण आवाज बंद करण्याचे बटनही त्याच्या बोटाखालीच होते.

तरुणांस नुसते धाकात घेऊन हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. ज्या वयात आपण कोणीतरी आहोत हे जगास कळावे अशी तळमळ असते, त्या वयात जर शाळा, नोकरी आणि समाज ह्यांपैकी कोणीच त्याची दखल घेत नसेल, तर तो रस्त्यावर आवाज करून ती घेववितो. रोड रोलर नळी चिरडतो. ती तळमळ चिरडत नाही. जो मुलगा एंजिन खोलून त्यातील लाटांचे गणित समजून घेऊ इच्छितो, त्यास तंत्रनिकेतनाची वाट आणि शर्यतीच्या बंदिस्त मार्गाचे दर्शन घडवावे. जो केवळ ऐकविण्यासाठी नळी लावतो, त्यास त्याच गल्लीत अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याशेजारी एक रात्र बसवावे. दंडाच्या पावतीपेक्षा ह्याचा परिणाम अधिक होईल, असा आमचा विश्वास आहे.

काळाचा ओघ कोणीकडे आहे हे दिसतेच. विजेवर चालणाऱ्या गाड्या इतक्या निःशब्द झाल्या, की पादचाऱ्यांना त्यांची चाहूल लागावी म्हणून युरोपात 2019 पासून त्यांच्या नव्या नमुन्यांना मंद गतीत मुद्दाम आवाज करणे सक्तीचे झाले. त्या नियमाने आवाजाची खालची मर्यादा घातली तशी वरचीही घातली: ऐकू तर यावा, पण त्रास होऊ नये. शंभराहून अधिक वर्षे मनुष्य यंत्राचा आवाज कमी करीत आला आणि शेवटी शांत यंत्रास त्याने थोडा आवाज परत दिला. पण तो दिला वाटसरूच्या रक्षणासाठी, स्वाराच्या मिरवणुकीसाठी नव्हे. आवाज कोणासाठी आहे, हा प्रश्न ह्या नियमाने जितक्या स्वच्छपणे सोडविला तितक्या स्वच्छपणे आपणांपैकी प्रत्येकास सोडविता आला, तर नळी बदलावी की न बदलावी हे विचारण्यासाठी दुकानदाराकडे जाण्याचे कारण उरणार नाही. ज्याच्या मनगटात शक्ती आहे आणि शेजाऱ्याच्या झोपेसाठी जो ती आवरून धरतो, त्याची गाडी गल्लीतून गेल्याचे कोणास कळणारही नाही. त्याचा मोठेपणा ऐकू येणार नाही, पण त्या रात्री सारी गल्ली त्याच्यामुळेच स्वस्थ निजलेली असेल.